वाळू, सोनं आणि खारं पाणी: सुट्टीत किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवायचा असेल तर

मेटल डिटेक्टर धातू ओळखतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो ओळखतो ती वीज वाहून नेण्याची क्षमता. वाळूखाली विजेला वाट देणारं काहीही असलं की यंत्र आवाज करतं. माळरानावर हा फरक जाणवत नाही, कारण तिथे वीज वाहणारी वस्तू म्हणजे जवळजवळ नेहमी धातूच असते. किनाऱ्यावर मात्र पायाखालची ओली वाळूच वीजवाहक असते, कारण ती खाऱ्या पाण्याने भिजलेली असते. त्यामुळे हौसेने यंत्र घेऊन गेलेला माणूस कोरड्या वाळूत खूश असतो, आणि पाण्याच्या रेषेजवळ गेल्यावर यंत्र सतत किंचाळायला लागलं की ते बिघडलं असं समजून बंद करतो. यंत्र ठणठणीत असतं. त्याला समुद्र ऐकू येत असतो.

एवढं नीट समजलं तर कोणतं यंत्र न्यावं, ते कुठे फिरवावं, अंगठीचा आणि चॉकलेटच्या चांदीचा (म्हणजे वेष्टनातल्या चकचकीत पत्र्याचा) आवाज सारखाच का येतो, हे सगळं त्यातूनच उलगडत जातं. म्हणून आधी यंत्राच्या पोटात शिरू.

आवाज येतो कुठून

दांड्याच्या टोकाला जी चकती असते ती कॉइल. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातली वीज सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलते, त्यामुळे कॉइलभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते वाळूत शिरतं. तिथे नाणं असेल तर या बदलत्या क्षेत्रामुळे नाण्यात विजेचे छोटे भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचंही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. ते अगदी क्षीण असतं, पण दुसरं वेटोळं ते टिपतं. दोन्ही वेटोळी एकमेकांवर अशा बेताने बसवलेली असतात की पहिल्याचा गोंगाट दुसऱ्यापर्यंत पोचू नये. तसं केलं नाही तर नाण्याची कुजबुज त्यात बुडून जाईल.

या तत्त्वाचा एक गाजलेला प्रयोग आजाऱ्याच्या खोलीत झाला. जुलै 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि शरीरात अडकलेली गोळी डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनमुळे नावारूपाला आलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईघाईने एक यंत्र तयार केलं आणि अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली होती, आणि त्यातून गादीतल्या पोलादी स्प्रिंगांचाच आवाज यंत्रात येत राहिला असं मानलं जातं. सप्टेंबरमध्ये गारफील्ड वारले. ही हकीकत मी मुद्दाम सांगतो, कारण किनाऱ्यावरची अडचण नेमकी हीच आहे. यंत्र चालतं, पण हव्या त्या वस्तूच्या आजूबाजूला दुसरंच काहीतरी मोठ्याने बोलत असतं.

आता खोलीचं बघू. कॉइलपासून जसजसं दूर जावं तसतसं तिचं क्षेत्र फार झपाट्याने विरतं, आणि वस्तूकडून परत येणारं उत्तरही तितक्याच झपाट्याने विरतं. जाताना एकदा आणि येताना एकदा अशी ही दुहेरी घट असते. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू खोल असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल साधारण 64 पटींनी कमी होतो. एका साध्या नाण्यासाठी 20 ते 25 सेंटिमीटर खोली म्हणजे चांगली मजल झाली. ‘मीटरभर खोलवरचं सोनं दाखवतो’ अशी जाहिरात दिसली तर हा हिशेब आठवावा. तसा आवाज मोठ्या भांड्याचा किंवा पेटीचा येऊ शकतो, अंगठीचा नाही. याचाच दुसरा अर्थ असा की कॉइल वाळूपासून चार बोटं वर धरून फिरवणारा माणूस सगळ्यात उपयोगी थर हवेत उधळत असतो.

स्क्रीनवरचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

हल्लीच्या यंत्रांवर प्रत्येक आवाजाबरोबर एक आकडा उमटतो. लोक त्याला धातूचं नाव समजतात. खरं तर तो आकडा वस्तूतले विजेचे भोवरे किती रेंगाळले याचा अंदाज असतो. चांदीचं जाड नाणं असेल तर भोवरे बराच वेळ टिकतात आणि आकडा वर जातो. वस्तू पातळ आणि छोटी असेल तर ते लगेच विझतात आणि आकडा खाली येतो. म्हणजे या आकड्यात धातूचा गुण, जाडी, आकार आणि वस्तू कशी पडली आहे हे सगळं एकत्र मिसळलेलं असतं. शुद्ध सोनं उत्तम वीजवाहक आहे, पण दागिन्यात तांबं, चांदी वगैरेंची भेसळ असते आणि त्याने ती क्षमता बरीच खाली येते. त्यातून अंगठी नाजूक असली तर तिचा आकडा नेमका अ‍ॅल्युमिनियमच्या वेष्टनाच्या तुकड्याचा किंवा पेयाच्या डब्याच्या कडीचा येतो.

इथे माझं मत अगदी ठाम आहे. कचरा नको म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे आकडे यंत्रातून गाळून टाकले की सोनंही गळतं. किनाऱ्यावर दागिना शोधायचा असेल तर डब्यांच्या कड्या उकरायची तयारी हवीच. वाळू उकरणं सोपं असतं, दोन-तीन खोऱ्यांत निकाल लागतो, मग टाळायचं कशाला?

अंगठीबद्दलची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. अखंड अंगठी म्हणजे विजेच्या भोवऱ्यासाठी आयतं कडं. प्रवाह त्यात गोल फिरू शकतो, म्हणून छोट्या अंगठीचाही आवाज गोल, भरीव आणि स्वच्छ येतो. तीच अंगठी एका जागी कापली गेली की कडं तुटतं, प्रवाहाला पूर्ण फेरी मारता येत नाही आणि आवाज एकदम पडतो. वजन तेवढंच, सोनं तेवढंच, तरी यंत्राला ती जेमतेम ऐकू येते. साखळीचं दुखणं याहून मोठं. साखळीतल्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे वीज एका कडीतून दुसरीत नीट जात नाही. यंत्राच्या दृष्टीने ती एक वस्तू नसते, बारीक कड्यांची ओळ असते, आणि प्रत्येक कडी ऐकू येण्यापेक्षा लहान असते. जाड दिसणारी सोन्याची साखळी कॉइलखालून मुकाट्याने निसटू शकते. ऐकू आलाच तर तिचा फासा किंवा पदक.

लोखंडाची गोष्ट वेगळी. ते चुंबकालाही उत्तर देतं, म्हणून बहुतेक यंत्रं ते वेगळं काढू शकतात. तरी बाटल्यांची पत्र्याची बुचं भल्याभल्यांना फसवतात. आवाज आलेल्या जागेवर कॉइल एकदा आडवी आणि एकदा उभी फिरवून पाहावी. नाणं किंवा अंगठी दोन्हीकडून जवळपास सारखाच आवाज देते, बुचाचा आणि खिळ्याचा आवाज बऱ्याचदा एका दिशेने फुटतो.

मिठाची समस्या आणि तिच्यावरचे दोन तोडगे

ओल्या वाळूतलं मीठ यंत्राला कसं दिसतं? एखाद्या खूप पसरलेल्या, फार पातळ पत्र्यासारखं. त्यातले भोवरे क्षणात विझतात, म्हणजे आकड्यांच्या पट्टीवर मिठाची जागा अगदी खाली येते, नाजूक सोन्याच्या शेजारीच. काही किनाऱ्यांवर काळी वाळूही असते. तिच्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं आणि त्याचं उत्तर मिठापेक्षा निराळ्याच प्रकारचं असतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे वीज सेकंदाला ठरावीक वेळाच दिशा बदलते अशा बेताने, चालणाऱ्या साध्या यंत्राला जमिनीचा आवाज वजा करण्याची सोय असते, पण त्याला एका वेळी एकच गोष्ट नीट वजा करता येते. खनिज गप्प केलं की मीठ बोलतं, मीठ गप्प केलं की खनिज. मग माणूस संवेदनशीलता कमी करत जातो आणि शेवटी यंत्र शांत होतं ते जवळजवळ बहिरं होऊन.

पहिला तोडगा म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्र. फ्रिक्वेन्सी बदलली की मिठाचं उत्तर एका ठरावीक प्रमाणात बदलतं, नाण्याचं किंवा अंगठीचं उत्तर वेगळ्या प्रमाणात. दोन-तीन फ्रिक्वेन्सींची उत्तरं शेजारी ठेवली की मिठाचा हिस्सा ओळखून काढून टाकता येतो आणि खनिजाचाही. शिवाय लोखंड ओळखण्याची सोय शाबूत राहते. सुट्टीत कोरडी आणि ओली अशी दोन्ही वाळू पालथी घालायची असेल, तर माझ्या मते हाच प्रकार घ्यावा.

दुसरा तोडगा पल्स इंडक्शन. हे यंत्र सतत बोलत नाही. विजेचा एक जोरदार झटका देतं, मग गप्प बसतं आणि ऐकतं. मिठाच्या पाण्यातले भोवरे काही मायक्रोसेकंदांत मरतात, धातूतले थोडे जास्त टिकतात. म्हणून झटका थांबल्यावर साधारण 10 ते 15 मायक्रोसेकंद वाट पाहायची आणि मग कान द्यायचा. तोवर समुद्र गप्प झालेला असतो, अंगठी अजून बोलत असते. कल्पना फार देखणी आहे आणि खोलीही चांगली मिळते. पण वाट पाहण्याचा वेळ वाढवला तर अगदी नाजूक दागिनेही मिठाबरोबरच विझून जातात, आणि यातली बहुतेक यंत्रं लोखंड व सोनं यांत भेद करत नाहीत. केसांची पिन असो की कर्णफूल, दोन्ही उकरावंच लागतं.

हाताशी साधं, एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र असेल तर वाईट वाटून घेऊ नये. कोरड्या वाळूत ते अप्रतिम चालतं, आणि माणसं बसतात, लोळतात, कपडे बदलतात ती वाळू कोरडीच असते.

वाळू वस्तू कुठे नेऊन ठेवते

माझ्या मते यंत्राच्या किमतीपेक्षा हा भाग जास्त मोलाचा. कोरड्या भागात वस्तू पडते तिथेच राहते. टॉवेल झटकला, खिशातून किल्ली काढली, चेंडू खेळताना हात आपटला, की तिथेच काहीतरी पडतं आणि पायांनी हळूहळू दाबलं जातं. पाण्याचं तसं नसतं. थंड पाण्यात बोटं आक्रसतात, अंगाला सनस्क्रीनचं तेल असतं, लाटेचा जोर असतो. अंगठी सुटते ती बहुधा कंबरभर पाण्यात, आणि मग तिचं पुढे काय व्हायचं ते लाटा ठरवतात.

वाळूचा कण मुख्यतः क्वार्ट्झचा असतो, पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड. अ‍ॅल्युमिनियम जवळपास तेवढंच, 2.7. चांदी 10.5, शिसं 11.3 आणि शुद्ध सोनं 19.3. येणारी-जाणारी लाट किनाऱ्यावरचा माल सुपात पाखडावा तसा पाखडत असते. हलकं वर उचलून पुढे ढकललं जातं, जड मागे राहतं आणि वाळूत खाली खाली जात एखाद्या घट्ट थरावर, चिकणमातीवर किंवा गोट्यांच्या पट्ट्यावर टेकतं. म्हणून किनाऱ्याच्या एखाद्या तुकड्यात नुसत्या डब्यांच्या कड्या आणि चांद्या मिळत असतील तर तिथे हलकी वाळू साचलेली आहे असं समजावं आणि पुढे सरकावं. मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं आणि नाणी मिळायला लागली तर पाय रोवावेत आणि फार हळू फिरावं. जिथे शिसं अडकलं तिथे सोनंही अडकतं.

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे वादळी लाटांनी वाळू ओढून नेल्यानंतरची. किनाऱ्यावर गुडघ्याएवढा किंवा त्याहून उंच कडा तुटलेला दिसतो. त्या कड्याच्या पायथ्याशी जी जमीन उघडी पडते ती कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं, कॉइलच्या आवाक्याबाहेर असते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ 31 जुलै 1715 च्या वादळात स्पेनच्या ताफ्यातली 11 जहाजं बुडाली. मोठं वादळ होऊन गेलं की तिथल्या वाळूत आजही क्वचित त्या काळातली नाणी मिळतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर किप वॅग्नर यांनी लष्कराच्या वापरातून निघालेल्या सुरुंगशोधक यंत्राने तिथे शोध घेतला आणि नाण्यांच्या मागोमाग बुडालेल्या जहाजांपर्यंत पोचले.

दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि तेव्हाच ओहोटीही सर्वांत खोल जाते. सुट्टीच्या तारखा हातात असतील तर पंचांग किंवा भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघावं. भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो त्या भांगाच्या दिवसांत जो पट्टा पाण्याखाली राहतो तो उधाणाच्या ओहोटीला चालत पालथा घालता येतो. ओहोटी पूर्ण व्हायच्या दोनेक तास आधी सुरुवात करावी, पाण्यामागे खाली उतरावं आणि पाणी फिरलं की आपणही फिरावं. हेडफोन लावलेल्या माणसाला मागची लाट ऐकू येत नाही, म्हणून समुद्राकडे पाठ करून कधीही उकरू नये.

हात, खोरं आणि सामान

कॉइल वाळूला समांतर, जवळजवळ टेकवून फिरवावी. दोन्ही टोकांना ती वर उचलली जाते, ती सवय मोडावी लागते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवावी. ओल्या वाळूत किनाऱ्याला समांतर चालणं चांगलं, कारण ओलावा एकसारखा राहतो आणि यंत्राला वारंवार जुळवून घ्यावं लागत नाही. पोलादी टोप्यांचे बूट नकोत. खिशातला मोबाइल कॉइलपासून लांब ठेवावा.

सच्छिद्र खोऱ्याने वाळू उचलायची, हलवायची आणि जाळीवर काय उरतं ते बघायचं. वाळू झरून जाते आणि छिद्रांवर काहीतरी टण्णकन वाजतं. त्या टणत्कारावरून डब्याची कडी की नाणं हे सरावाने बघायच्या आधीच कळायला लागतं. आवाज खोऱ्यात नसेल तर पुन्हा खड्ड्यावर कॉइल फिरवावी, कारण जड वस्तू सैल झालेल्या ओल्या वाळूत आणखी खाली घसरते. खड्डा बुजवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. उघड्या खड्ड्यात अंधारात माणसाचा पाय मुरगळतो आणि समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्लं अडकून मरतात. कासवांची घरटी असलेला, खुणा करून राखलेला पट्टा तर पूर्ण टाळावा. निघालेला कचरा बरोबर न्यावा. तो परत टाकला तर उद्या पुन्हा तोच उकरायचा आहे.

विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात, आणि 100 वॅट-अवरपेक्षा मोठ्या असतील तर विमान कंपनीची परवानगी लागते. खोरं चेक-इन सामानात टाकावं. बऱ्याच यंत्रांची कॉइल पाण्यात चालते पण वरचा डबा चालत नाही, हे पाण्यात शिरण्यापूर्वी बघून घ्यावं. रोज संध्याकाळी सगळं गोड्या पाण्याने धुवावं.

परवानगी

नियम देशागणिक, कधी किनाऱ्यागणिक बदलतात. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वस्तू शोधण्यासाठी सरकारी परवानगी घ्यावी लागते, आयर्लंडमध्येही पुरातन वस्तूंसाठी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर डिटेक्टर नुसता जवळ बाळगणंही नियमाविरुद्ध आहे, वापरणं तर दूरच. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 च्या कायद्यानुसार ‘खजिना’ ठरेल अशी वस्तू 14 दिवसांत कळवावी लागते, आणि ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजातलं काही मिळालं तर 28 दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला सांगावं लागतं. भारतात 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची ठेव मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. म्हणून निघण्यापूर्वी त्या ठिकाणच्या स्थानिक प्रशासनाला विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

युद्ध झालेल्या किनाऱ्यांवर गंजलेलं, जड, नळकांड्यासारखं काही निघालं तर हात लावू नये. जागा लांबून खूण करावी, माणसांना दूर करावं आणि पोलिसांना बोलवावं. बाल्टिक समुद्राच्या काठी जुन्या बॉम्बमधल्या फॉस्फरसचे खडे पिवळसर अंबरसारखे दिसतात. लोक ते खिशात टाकतात, आणि सुकल्यावर ते पेट घेतात.

कुणाची अंगठी हरवली असेल तर

या छंदाचा हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. हातात डिटेक्टर बघून लोक स्वतःहून येतात. अंगठी नुकतीच पडली असेल तर आधी त्यांना हाताने वाळू उपसणं थांबवायला सांगावं, कारण त्याने ती खोल जाते आणि जागाही हरवते. कुठे बसला होतात, तोंड कोणत्या दिशेला होतं, पाणी तेव्हा कुठवर होतं, किती वाजले होते, हे विचारावं. काढलेला एखादा फोटो असेल तर मागच्या इमारती आणि झाडं यांवरून जागा पक्की करता येते. मग वाळूवर काठीने समांतर रेषा ओढून एकेक पट्टा संपवावा आणि तोच भाग पुन्हा काटकोनात फिरावा. त्यांच्या दुसऱ्या हातात तशीच अंगठी असेल तर मागून घ्यावी, वाळूवर ठेवून तिचा आवाज ऐकावा आणि आकडा लक्षात ठेवावा. काही किनाऱ्यांवर सकाळी वाळू चाळणारी यंत्रं फिरतात, म्हणून शक्यतो त्याच संध्याकाळी शोधावं. पाण्यात पडली असेल तर पुढच्या ओहोटीची वेळ बघून यावं. साखळी हरवली असेल तर संवेदनशीलता यंत्र सहन करेल तितकी वाढवावी आणि साखळीऐवजी फासा किंवा पदक यांचाच आवाज शोधावा.